पासपोर्टची कॉपी, सीडीसी आणि हापूसची पेटी : माहिती देशाबाहेर जाते तेव्हा कोकणातून विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या धंद्यांचे करार आणि कागदपत्रं बघणं हे माझं काम. मालवणकडचे न्याहरी-निवासवाले, बोटीवर माणसं पाठवणारे एजंट, आंबा निर्यात करणारे बागायतदार आणि घरी बसून परदेशी कंपनीचं काम करणारी मुलं, हे सगळे गेल्या दोन-तीन वर्षांत फिरून फिरून जे विचारत आले, ते इथे एकत्र लिहिलं आहे. तुमच्या करारातली नेमकी कलमं मात्र वकिलाला दाखवून घ्या, कारण एका शब्दाने जबाबदारी इकडची तिकडे होते.

आम्ही कुठे कुणाची माहिती परदेशात पाठवतो?

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. तारकर्लीतल्या चार खोल्यांच्या घराचं उदाहरण घ्या. पाहुणा येतो, काका त्याच्या पासपोर्टचा मोबाइलवर फोटो काढतात. फोन तो फोटो आपोआप क्लाउडवर चढवतो. मग तो फोटो व्हॉट्सअॅपवर पुण्यातल्या भाच्याकडे जातो, कारण ऑनलाइन फॉर्म तोच भरतो. बुकिंग एका परदेशी साइटवरून आलेलं असतं आणि पाहुण्याचं नाव, फोन, येण्याजाण्याच्या तारखा तिच्या सर्व्हरवर असतातच. काकांनी ‘पाठवतो’ असं मनात आणलंही नाही, तरी एका माणसाचा पासपोर्ट अर्ध्या तासात तीन-चार ठिकाणी पोचला. कायदा हेतू विचारत बसत नाही. माहिती कुणाकडे होती आणि कुठे गेली, एवढंच बघतो.

कायदा कोणता आणि तो सुरू झाला आहे का?

भारताचा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. बोलताना सगळे डीपीडीपी म्हणतात. राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नियम टप्प्याटप्प्याने लागू होतात. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेचा भाग लगेच, आणि संमती, सुरक्षा, परदेशी हस्तांतरण या तुमच्या-आमच्या कामाच्या गोष्टी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम चालू आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण या कायद्याकडे जीएसटीसारखी आणखी एक कटकट म्हणून बघतात. पाहुण्याची, खलाशाची माहिती ही त्याची ठेव आहे आणि आपण ती सांभाळतो आहोत, असं धरून चाललं की पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुचतात.

आमचा धंदा छोटा आहे, तरी लागू होतो?

होतो. एकटा माणूसही यात येतो. घरगुती, खासगी वापराला कायदा लागत नाही. फक्त कागदावर असलेली, कधीच संगणकात न गेलेली वहीसुद्धा बाहेर राहते. त्या वहीच्या पानाचा फोटो काढलात की आत आलात.

भारतातून माहिती बाहेर पाठवायला परवानगी लागते का?

भारताने इथे सोपा रस्ता धरला आहे. कलम १६ म्हणतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून बाकी कुठेही माहिती पाठवता येते. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांसोबत अशा देशांची यादी आली नव्हती. म्हणजे दुबई, सिंगापूर, हॅम्बुर्ग कुठेही पाठवायला आधी दारात उभं राहून परवाना मागावा लागत नाही.

पण याला तीन गाठी आहेत. पाठवलेली माहिती परदेशी सरकारच्या किंवा त्याच्या यंत्रणांच्या हाती देण्याबाबत केंद्र अटी घालू शकतं. ज्यांना सरकार ‘महत्त्वाचे डेटा फिड्युशिअरी’ (फिड्युशिअरी म्हणजे माहिती कशासाठी आणि कशी वापरायची ते ठरवणारा) ठरवेल त्या मोठ्या कंपन्यांना ठराविक माहिती भारतातच ठेवायला सांगता येतं. आणि दुसरा एखादा कायदा जास्त कडक असेल तर तोच चालतो. पैशांच्या व्यवहारांचं उदाहरण ठळक आहे : रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्येच पेमेंट कंपन्यांना व्यवहारांची माहिती भारतातच साठवायला सांगितलं. तुमच्यापुरता त्याचा अर्थ इतकाच की पाहुण्याच्या कार्डाचा फोटो काढू नका. कार्ड मशीनमध्ये जाऊ दे, मोबाइलच्या गॅलरीत नको.

जर्मन पाहुणा आला की युरोपचा जीडीपीआर लागू होतो?

नुसता आला म्हणून होत नाही. जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि तो माणसाच्या नागरिकत्वाला चिकटून जगभर फिरत नाही. जर्मन माणूस गोव्याहून मोटारसायकलवर मालवणला आला आणि तुमच्या ओसरीवर येऊन खोली मागितली, तर भारताचाच कायदा.

चित्र बदलतं ते तुम्ही युरोपातल्या गिऱ्हाइकाला उद्देशून विकायला लागता तेव्हा. वेबसाइट तिथून उघडते एवढ्याने काही होत नाही. पण जर्मन भाषेत पान, युरोत दर, तिथल्या लोकांना दिसेल अशी जाहिरात, हे जमून आलं की त्या पाहुण्यांच्या माहितीपुरते तुम्ही जीडीपीआरखाली येता. मग युरोपात प्रतिनिधी नेमण्यासारखी कलमंही वाचावी लागतात. हौसेने वेबसाइटवर सहा भाषा आणि चार चलनं टाकणाऱ्यांना मी म्हणून थांबवतो. ज्या देशातून खरंच पाहुणे येतात तेवढंच ठेवा.

इथे एक बारकावा आहे. पाहुण्याने जर्मनीतून स्वतः तुमच्या फॉर्ममध्ये माहिती भरली, तर युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शनानुसार ते ‘हस्तांतरण’ धरत नाहीत, कारण पाठवणारा तो स्वतःच आहे. अॅमस्टरडॅमच्या टूर कंपनीने तिच्या ग्राहकांची यादी तुम्हाला पाठवली, तर ते हस्तांतरण. एखाद्या वेळी आलेल्या बुकिंगला ‘कराराच्या पूर्ततेसाठी आवश्यक’ ही कलम ४९ ची सवलत पुरते. दर हंगामात वीस-वीस जणांचे गट यायला लागले की ती पुरत नाही, कारण ती अधूनमधूनच्या कामासाठीच आहे. मग करार करावा लागतो, तो कसला ते पुढे एससीसीच्या प्रश्नात आहे.

पासपोर्टची कॉपी ठेवायची की नाही?

परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे आणि ते करायचंच. कायद्याने सरकारला जी माहिती द्यावी लागते तिच्यासाठी पाहुण्याची वेगळी संमती लागत नाही. पण त्याच नंबरवर मेमध्ये ‘हापूस आला, पेटी पाठवू का?’ असा मेसेज टाकायचा असेल तर लागते. कामं दोन आहेत. पहिल्यासाठी दिलेली माहिती दुसऱ्यासाठी वापरायची नाही. कॉपी किती दिवस ठेवायची, ते शेवटच्या प्रश्नात आहे.

मुलगा बोटीवर जातो. एजंट पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक), मेडिकल सगळं व्हॉट्सअॅपवर मागतो. द्यावं का?

या प्रश्नावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तो माझ्या घरातला आहे.

दादा बोटीवर इंजिनिअर होता. एका मॅनिंग एजन्सीला, म्हणजे बोटीवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीला, त्याने मेडिकल रिपोर्ट दिला. काम काही जमलं नाही. महिन्याभराने तो दुसऱ्याच एजंटकडे गेला, तर समोरच्या माणसाने कागद बघण्याआधीच विचारलं, “तुमची शुगर वाढलेली ना?” दादाने त्याला काही पाठवलेलं नव्हतं. एजंटांच्या कुठल्याशा ग्रुपवर तो रिपोर्ट फिरला होता. दादाची शुगर औषधाने आटोक्यात होती आणि डॉक्टरने त्याला फिट लिहून दिलं होतं. तरी दीड वर्ष त्याला जॉइनिंग मिळालं नाही. घरात त्या दिवसांत कुणी मोठ्याने बोलत नसे.

म्हणून सांगतो, माहिती लागते कुठे आणि लागत नाही कुठे, हे एजंटाला नेमकं विचारा. बोटीचा मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा, व्यवस्थापन सायप्रस किंवा सिंगापूरचं, असा प्रकार नेहमीचाच. प्रत्येक बंदरात क्रू लिस्ट जाते, त्यात नाव, हुद्दा, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील असतो. ते टळत नाही आणि टाळायचंही नाही. पण पूर्ण मेडिकल रिपोर्ट त्या साखळीतल्या प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकांना ‘फिट’ असल्याचं प्रमाणपत्र पुरतं. रक्त-लघवीच्या तपासणीचे आकडे डॉक्टरांपुरते राहू शकतात.

डीपीडीपीखाली नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची काही माहिती संमतीशिवाय वापरता येते. पण अजून नोकरी न लागलेल्या उमेदवाराची माहिती पाच कंपन्यांना वाटायला ही सवलत वापरणं मला पटत नाही. तिथे नीट संमती घ्यावी आणि कुठल्या कंपनीला कागद जाणार तिचं नाव लिहावं. शिवाय भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम करारात स्पष्ट आहे की खलाशांना नोकरीपासून दूर ठेवणाऱ्या याद्या भरती संस्थांनी वापरायच्या नाहीत, आणि नोकरी लावण्याची फी खलाशाकडून घ्यायची नाही. ग्रुपवर फिरणारा रिपोर्ट ही तशीच यादी झाली, नाव वेगळं असलं तरी.

पालकांनी एवढं करावं : एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का बघा. कागद त्याच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवा, कुणाच्या खासगी नंबरवर नको. कॉपीवर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कंपनीच्या अर्जासाठी’, आणि तारीख टाका. अशी कॉपी नंतर दुसरीकडे सापडली तर ती कुठून निघाली हे तरी कळतं.

आणि स्कॅन कुठे करताय ते बघा. तालुक्याच्या गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी दोन पानं छापायला गेलो होतो. समोरच्या स्क्रीनवर ‘स्कॅन ००१’पासून दोनशेच्या पुढे फायली. मुलगा माझी फाइल शोधताना एकेक उघडत होता : कुणाचा पासपोर्ट, कुणाचं आधार, एका बाईचं सोनोग्राफीचं पान. मी त्याला तिथेच बसून सगळ्या पुसायला मदत केली. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

युरोपची कंपनी ‘एससीसी’वर सही मागते. हे काय आहे?

युरोपातून माहिती बाहेर जायची तर दोन मुख्य वाटा. एक, युरोपीय आयोगाने त्या देशाला ‘पुरेसं संरक्षण देणारा’ म्हणून मान्यता दिलेली असावी. जपान, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन यांना ती आहे. भारताला नाही. म्हणून आपल्याकडे दुसरी वाट येते, ती म्हणजे आयोगाने ४ जून २०२१ ला ठरवून दिलेली प्रमाण करारकलमं, त्यांनाच एससीसी म्हणतात.

त्यात चार प्रकार आहेत. देणारा आणि घेणारा दोघेही स्वतः निर्णय घेणारे, हा पहिला. देणारा निर्णय घेतो (त्याला मालक म्हणू) आणि घेणारा त्याच्या सांगण्याप्रमाणे काम करतो (त्याला कामदार म्हणू), हा दुसरा. कामदाराकडून पुढच्या कामदाराकडे, हा तिसरा, आणि कामदाराकडून परत मालकाकडे, हा चौथा. चुकीच्या प्रकारावर खूण केली गेली तर जबाबदारीही चुकीची गळ्यात येते. ग्रीक कंपनी खलाशांची यादी देऊन ‘यांची तिकिटं काढा’ म्हणते, तेव्हा तुम्ही दुसऱ्या प्रकारात. तिच्या यादीतून तुम्ही स्वतःची उमेदवारांची बँक उभारलीत, तर तुम्ही दुसऱ्या प्रकारातून बाहेर पडलात आणि करारही मोडलात.

मूळ कलमं बदलता येत नाहीत. भरायचं असतं ते परिशिष्टांत : कोणती माहिती, किती दिवस, कोण बघणार, कुलूप कसलं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक करारांत सुरक्षेच्या परिशिष्टात दुसऱ्या कुणाच्या करारातलं इंग्रजी उचलून टाकलेलं असतं. चोवीस तास पहारा, बायोमेट्रिक दरवाजे, आणि प्रत्यक्षात ऑफिस म्हणजे गाळा आणि एक लॅपटॉप. असं लिहू नका. लॅपटॉपला पासवर्ड आहे, डिस्क एन्क्रिप्ट आहे, दोनच माणसं फाइल उघडतात, एवढं खरं असेल तर तेवढंच लिहा. त्या कलमांखाली ज्याची माहिती आहे तो खलाशी किंवा पाहुणासुद्धा तुमच्यावर थेट दावा करू शकतो.

कंपनी तुम्हाला आणखी एक प्रश्नावली पाठवेल : भारत सरकारला ही माहिती मागता येते का, कुठल्या कायद्याने, आजवर मागितली का? हे १६ जुलै २०२० च्या ‘श्रेम्स दोन’ निकालामुळे. मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन वकिलाच्या तक्रारीवरून युरोपीय न्यायालयाने अमेरिकेत माहिती पाठवण्याची प्रायव्हसी शील्ड ही व्यवस्था रद्द केली आणि म्हटलं, कागदावर कलमं असणं पुरत नाही, त्या देशात ती पाळता येतात का हे तपासा. प्रश्नावलीला घाबरू नका, पण अंदाजाने ‘नाही’ लिहू नका.

लंडनचं गिऱ्हाईक असेल तर ब्रिटनचा कागद वेगळा. मार्च २०२२ पासून त्यांचा स्वतःचा हस्तांतरण करार आहे, किंवा युरोपच्या कलमांना जोडायची त्यांची पुरवणी.

आंब्याच्या निर्यातीत वैयक्तिक माहिती कुठून आली?

बागायतदाराचं नाव, सातबारा, मोबाइल, बागेचं ठिकाण ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने भारतीय आंबा अडवला आणि २०१५ च्या सुरुवातीला दार पुन्हा उघडलं, तेव्हापासून पेटी कुठल्या बागेतली हे दाखवणं किती महत्त्वाचं आहे ते देवगडला कुणी शिकवायला नको. पण मागोवा लागतो तो बागेच्या नोंदणी क्रमांकाचा आणि पॅकहाऊसच्या कोडचा. परदेशी खरेदीदाराने शेतकऱ्यांच्या नाव-नंबरची यादी मागितली तर आधी विचारा, कशाला? बहुतेक वेळा कोडवर काम भागतं. यादी द्यायचीच असेल तर बागायतदारांना आधी सांगा आणि विचारा. त्यांच्यातले अनेक तुमचे नातेवाईक असतील, पण त्यांचा नंबर तुमचा नाही.

चिपळूणला घरी बसून ब्रिटिश कंपनीच्या ग्राहकांची नोंदणी करते. मला काय लागतं?

भारतात नसलेल्या लोकांची माहिती परदेशी कंपनीशी झालेल्या करारानुसार तुम्ही इथे हाताळत असाल, तर डीपीडीपीची बहुतेक बंधनं, कलम १६ सुद्धा, तुम्हाला लागत नाहीत. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र राहते. आणि त्या कंपनीने तिच्या देशाच्या कायद्याप्रमाणे करारात जे घातलं आहे ते पाळावंच लागतं. घरातल्या लॅपटॉपवर पोरं गेम खेळत असतील तर वेगळं लॉगिन आजच करा.

संमतीचा कागद मराठीत चालेल?

चालेल, आणि तसाच असावा. इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत सूचना वाचण्याचा पर्याय द्यावाच लागतो. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. कुठली माहिती, कशासाठी, संमती परत कशी घ्यायची, तक्रार कुठे, एवढं साध्या वाक्यांत लिहा. एजंटच्या टेबलापाशी मुलासोबत आलेल्या आईला कळलं पाहिजे, ही माझी कसोटी. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही सोपं असलं पाहिजे.

स्कूबा डायव्हिंगच्या फॉर्मवर मुलांची माहिती असते.

अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण कायद्याने मूल आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचे फोटो जाहिरातीला वापरायचे असतील तर वेगळं विचारा.

माहिती फुटली तर?

लपवू नका. डीपीडीपीचे नियम लागू झाल्यावर ज्यांची माहिती गेली त्यांना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि सविस्तर तपशील ७२ तासांत मंडळाला द्यायचा. कंपन्यांना आणि संस्थांना सायबर घटना सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे सहा तासांत कळवण्याचा एप्रिल २०२२ चा आदेश आजही आहेच. युरोपशी करार असेल तर तिथल्या कंपनीलाही ताबडतोब सांगा, कारण तिचे स्वतःचे ७२ तास सुरू होतात.

दंड खरंच २५० कोटी आहे?

सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत, फुटल्याचं न कळवलं तर २०० कोटींपर्यंत. ‘पर्यंत’ महत्त्वाचं. चुकीचं गांभीर्य, किती काळ चालली, सुधारायला काय केलं, हे बघून आकडा ठरतो. युरोपात वार्षिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जातो. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला अमेरिकेत माहिती नेल्याबद्दल १.२ अब्ज युरो दंड केला.

मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि भरपाई देणारं जुनं कलम ४३अ सुद्धा नवा कायदा पूर्ण लागू झाला की जातं. दादासारख्या माणसाची दीड वर्षं कोण भरून देणार, याचं उत्तर या कायद्यात नाही. ते यायला हवं असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो.

तक्रार कुठे करायची?

आधी ज्याने माहिती घेतली त्याच्याकडे, लेखी. त्याने जास्तीत जास्त ९० दिवसांत तिचा निकाल लावायचा आहे. नाही झालं तर डेटा संरक्षण मंडळाकडे. ते ऑनलाइन चालणारं आहे, रत्नागिरीहून दिल्लीला जावं लागत नाही. मंडळाच्या आदेशावर अपील टीडीसॅट या दूरसंचार वाद अपील न्यायाधिकरणाकडे.

गेल्या पाच वर्षांचे पासपोर्टचे फोटो माझ्या फोनमध्ये पडून आहेत. काय करू?

काम संपल्यावर माहिती पुसायची, हा कायद्याचा दंडक. नवे नियम काही माहिती आणि नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगतात, म्हणून चालू वर्षाचं वेगळं, कुलूपबंद फोल्डरमध्ये हलवा आणि ते फोल्डर घरच्या फोनवर ठेवू नका. त्याआधीचं, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवावं लागत नसेल तर, पुसा. गॅलरीतून पुसल्यावर ‘ट्रॅश’मध्ये जाऊन तिथूनही पुसा, क्लाउडच्या बॅकअपमध्ये बघा, व्हॉट्सअॅपमधल्या भाच्याच्या चॅटमध्ये बघा आणि भाच्यालाही फोन करा, कारण त्याच्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये तेच फोटो अजून आहेत.